काकांची न हरलेली टीम

"आपण त्या वर्षी एकदाही हरलो नाही. एकदाही नाही!"

दार उघडल्या उघडल्या काका मला हे म्हणाले. मी त्यांच्या घराचं बेसमेंट भाड्यानं बघायला गेले होते. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये नवी नोकरी, गावात ओळखीचं कुणी नाही, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. माणसानं नाव तरी विचारावं, निदान आत तरी घ्यावं! पण नाही. मला वाटलं क्रिकेटचं चाललंय, म्हणून मी आपलं म्हटलं, "हो ना काका, मस्तच खेळले सगळे." झालं. काका असे काही खूश झाले की विचारू नका. "तुला माहितीय? अगं, आत ये, आत ये!" असं म्हणून त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि पोरं कशी चिखलात लोळली, कसा एकाचा खांदा निखळला आणि तो तसाच खेळला, हे सांगायला लागले. खांदा निखळल्यावर माझी ट्यूब पेटली. हे क्रिकेट नव्हे.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "यातलं कुणी आता जिवंत नाही बरं का. शंभरावर वर्षं झाली त्या गोष्टीला. साखर किती?"

मी बेसमेंट तिथल्या तिथं पक्कं केलं. घर ऊबदार होतं म्हणून नव्हे. ऊबदार ते नव्हतंच, कारण काका थर्मोस्टॅटला हात लावू द्यायचे नाहीत. "त्या पोरांकडे कुठं हीटर होता?" म्हणायचे. बाप्पा! त्या पोरांकडे ऑफिसचे सकाळी सातचे कॉलही नव्हते, असं मी एकदा ऐकवलं. काकांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि दोन डिग्री वाढवून दिल्या.

ही "पोरं" म्हणजे आमच्याकडून तासाभराच्या ड्राइव्हवर असलेल्या एका छोट्या कॉलेजची अगदी सुरुवातीची फुटबॉल टीम. अमेरिकन फुटबॉल नुकता कुठं उभा राहत होता तेव्हाची. शेतकऱ्यांची, पाद्र्यांची, दुकानदारांची अकरा मुलं. त्या एका वर्षी त्यांनी आसपासच्या सगळ्या मोठ्या मोठ्या कॉलेजांना लोळवून राज्याची चॅम्पियनशिप मारली आणि त्यानंतर त्या कॉलेजनं कधी काही जिंकल्याचं ऐकिवात नाही. गावातल्या लोकांनाही हे फारसं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते सांगलीकडच्या आमच्या काकांना.

त्यांनी सगळ्यांना घरची नावं ठेवली होती. धर्मशास्त्र शिकणारा कॅप्टन तो "पाद्री". दोघं भाऊ होते, ते "थोरला" आणि "धाकटा". जेवताना मधेच म्हणायचे, "धाकट्याला ही भाजी आवडली नसती." काकू म्हणायच्या, "धाकट्याला सांगा, उद्या वांगं आहे." मी पहिल्या महिन्यात दोघांच्या तोंडाकडे बघत राहायचे. दुसऱ्या महिन्यापासून मीही विचारायला लागले, "आणि थोरल्याचं काय?" माणूस कशालाही सरावतो हो!

कोलंबसमध्ये फॉलमधला, म्हणजे पानगळीतला, फुटबॉलचा शनिवार म्हणजे काय असतं ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. सगळं शहर एका रंगाचे शर्ट घालून टीव्हीपुढे नाहीतर स्टेडियममध्ये. काका त्या वेळात बरोब्बर किराणा आणायला निघायचे. दुकानात शुकशुकाट, पार्किंग दारात. कुणी विचारलं, "सर, गेम बघत नाही?" तर म्हणायचे, "ती जाहिरात आहे. मधेमधे माणसं पळतात." हेल्मेटचा तर त्यांना भयंकर राग. जुन्या काळी हेल्मेट नव्हती, तेव्हा डोकं वाचावं म्हणून खेळाडू केस वाढवायचे. ते खरं असेल, पण काकाही दर ऑगस्टपासून केस वाढवायचे! टक्कल चकचकीत आणि भोवती ही पांढरी झालर मानेपर्यंत. काकू लग्नाकार्यात त्यांच्यापासून चार हात लांब उभ्या राहायच्या.

मोसमाची गोष्ट ते कधी सलग सांगायचे नाहीत. रंगात आलेली मॅच अर्धी सोडून "झोप येतेय" म्हणून उठायचे. शेवटची मॅच तर मला हप्त्याहप्त्यानं मिळाली. शेजारच्या कॉलेजविरुद्ध, दुपारी, गायी नुकत्याच हाकलून दिलेल्या कुरणात. धाकटा बॉल घेऊन पळाला, शेणावरून घसरला आणि धरणाऱ्यांच्या हातातून सुळकन निसटून रेघेपार गेला. तीच चॅम्पियनशिप. "शेणावर जिंकलो आपण!" काका टाळी मागायचे आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. शंभरदा सांगूनही त्यांना प्रत्येक वेळी नव्यानं आनंद व्हायचा, आणि खरं सांगते, मलाही व्हायचा.

त्या विजयाच्या दिवशी ते दर वर्षी कॉलेजच्या गावी जाऊन पाद्र्याच्या थडग्यावर झेंडूचा हार घालायचे. पहिल्या वर्षी मला घेऊन गेले. हार घातला आणि पिशवीतून नारळ काढला. मी घाबरले. म्हटलं, "काका, दगडावर नका हं फोडू, पोलिस येतील." तर म्हणाले, "मला अक्कल आहे. मी इंजिनियर आहे." आणि पिशवीतून वीट काढली! घरून आणलेली. रुमाल अंथरून, त्यावर वीट ठेवून त्यांनी नारळ फोडला. स्मशानाचा रखवालदार धावत आला, "सर, काय चाललंय?" काकांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि एकच शब्द म्हणाले, "चॅम्पियनशिप." तो बिचारा ओहायोचा सभ्य माणूस. त्यानं टोपी काढली आणि खोबरं खाल्लं.

परत येताना गाडीत मी विचारलं, "काका, पण तुमचा यांच्याशी काय संबंध?" त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग सांगितलं.

सांगलीकडच्या एका मिशनरी डॉक्टरच्या ओळखीनं त्यांना त्या कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली होती. पहिल्याच ख्रिसमसला सगळी मुलं घरी गेली. हॉस्टेलमध्ये हे एकटे. बाहेर बर्फ, घरी फोन करायची ऐपत नाही. खालच्या हॉलमध्ये हाताची घडी घातलेल्या त्या अकराजणांचा फोटो होता. "मी जेवणाचं ताट घेऊन तिथं बसायचो," काका म्हणाले. "सुट्टीभर माझ्याबरोबर तेच होते. त्यांना मराठीतच सगळं सांगायचो. कळायचं त्यांना."

गावाकडे काका हुतूतूचे पट्टीचे गडी होते. म्हणून सुट्टी संपल्यावर टीममध्ये घ्या म्हणून गेले. कोचनं त्यांच्या काडीसारख्या दंडांकडे बघितलं, हसून पाठ थोपटली आणि हातात पाण्याची बादली दिली. कॉलेज संपेपर्यंत काकांनी प्रत्येक मॅचला पाणी दिलं. पाणीवाल्यानं चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहायचं असा नियम. "एकदासुद्धा रेघेच्या आत गेलो नाही गं मी," काका म्हणाले. "हसू नकोस, पण मरायच्या आधी एकदा त्या कॉलेजसाठी रेघेच्या आत जायचंय मला." मी कशाला हसतेय!

मी डब्लिनला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजनं ठरवलं की त्या चॅम्पियन टीमच्या आठवणीत एक मॅच खेळायची. जुन्याच नियमांनी, त्याच शेजारच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांशी. फक्त पाडापाडी नको, कंबरेवर धरायचं इतकंच. कॉलेजच्या डीनबाईंचा काकांना फोन आला. त्यांच्याकडून खेळायला फक्त चार माजी विद्यार्थी तयार झाले होते, आणि त्यांतल्या एकाचा गुडघा नवा होता. काका म्हणाले, "मॅडम, काळजी सोडा. बाकीचे मी आणतो."

मग महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: "फुटबॉलसाठी गडी पाहिजेत. सरावानंतर मिसळ." मिसळ वाचून पंचवीसजण आले, फुटबॉल बघून सहा उरले. त्यांत पुण्याचा प्रसाद. हा प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा, नियम तोंडपाठ करून आलेला. तरी एक कमी. काका माझ्याकडे बघायला लागले.

"मी? काका, मी बाई आहे."

"मग? जुन्या नियमांत बाई नको असं कुठं लिहिलंय?"

"लिहायची गरज वाटली नसेल त्यांना!" प्रसाद म्हणाला.

"ही नागपूरला शाळेकडून कबड्डी खेळलीय. तू काय खेळलायस?" प्रसाद गप्प. त्याला गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला आणि निव्वळ त्या आनंदात हो म्हणून बसले.

पण त्याच दिवशी काकूंनी मिसळीचा डाव आपटून जाहीर केलं, "आणि तुम्ही खेळायचं नाही." काकूंचं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलेलं, आणि काकांची बायपास झालेली. "अहो, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी बसले होते, तुम्ही नव्हतात. कोच व्हा, ओरडा, काय वाट्टेल ते करा. रेघेच्या बाहेर राहून." काका "बरं" म्हणाले. इतक्या चटकन की काकूंचा विश्वास बसला नाही, आणि माझाही नाही. पुढं रोज सकाळी चहाच्या वेळी ते विचारायचेच, "एकच डाव खेळलो तर?" काकू म्हणायच्या, "चहा प्या."

महिनाभर दर रविवारी पार्कात सराव झाला. बॉलवाला मध्ये, बाकी सगळ्यांनी एकमेकांचे कमरेचे पट्टे धरून त्याच्याभोवती टोकदार घेरा करायचा आणि पुढं घुसायचं. "विसर्जनाला गर्दीतून मूर्ती काढता ना, तसं!" काका ओरडायचे. "बॉल म्हणजे मूर्ती! धक्का लागता कामा नये!" हे आम्हाला लगेच जमलं. जमत नव्हतं ते दुसरंच. त्या काळी खेळाडूला धरलं तरी खेळ थांबत नसे. तो स्वतःच्या तोंडानं "डाऊन" म्हणाला की मगच शिट्टी. काका बजावायचे, "धरलं की डाऊन म्हणायचं. उगाच हातपाय मोडून घ्यायचे नाहीत." आणि आम्ही हमखास विसरायचो.

मॅचच्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर अर्धं गाव आणि सगळं मंडळ लोटलं होतं. डबे उघडले होते, कुणीतरी ढोल आणला होता. समोरची टीम म्हणजे मक्याच्या शेतातून थेट उगवलेली माणसं, एकेक दरवाजाएवढा. पण काय ती सभ्यता! आपल्याला धरायचे आणि वर "सॉरी मॅम" म्हणायचे. पंच होते इतिहासाचे एक प्रोफेसर, गोल काळी हॅट आणि जाकीट घालून. काका चुन्याच्या रेघेला बुटांची टोकं टेकवून उभे, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, पांढरी झालर वाऱ्यावर. काकू मागं घडीच्या खुर्चीत, डोळा काकांच्या बुटांवर.

पहिल्या अर्ध्यात आमचा पार चेंदामेंदा झाला. दुसऱ्या अर्ध्यात प्रसादनं बॉल माझ्या पोटात कोंबला आणि म्हणाला, "पळ!" मी पळाले. तिघांनी मला धरलं. शेवटची रेघ हातभर पुढं होती. आता मी "डाऊन" म्हणायला हवं होतं. पण पोरगी कबड्डीत वाढलेली. चढाईत पकड झाली, रेघ समोर दिसतेय, म्हटल्यावर माझ्या तोंडून काय निघणार? "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." मी खाली बसले आणि दम न सोडता बोटाबोटानं पुढं सरकायला लागले. ते तिघं मला सभ्यपणे धरून, मी कधी "डाऊन" म्हणते याची वाट बघत उभे! त्यांना वाटलं बाई प्रार्थना करतेय. मी सावकाश बॉल रेघेपार नेऊन टेकवला.

जो काय गोंधळ उडाला! समोरचे म्हणाले, हे चालणार नाही. प्रसाद नियम म्हणून दाखवायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाद घालण्याचा मला अभिमान वाटला. प्रोफेसरांनी हॅट काढून डोकं खाजवलं. मॅडमनी डाऊन म्हटलंय का? नाही. मग खेळ चालू होता. टचडाऊन! गुण आमचे! काका रेघेवर दोन्ही पायांनी उड्या मारत होते, आत मात्र पाऊल टाकत नव्हते. मंडळानं ढोल बडवला. मग काय, आमच्यातलं कुणी "डाऊन" म्हणेना. ज्याला धरतील तो "कबड्डी कबड्डी" करत सरपटतोय. थोड्या वेळानं समोरचेही तेच करायला लागले. ते सहा फुटी गोरे लोक गवतावर पालथे पडून दम धरून "कॅबॅडी कॅबॅडी" करतायत आणि गावातल्या आज्या टाळ्या वाजवतायत! इतकी मी अमेरिकेत कधी हसले नव्हते.

स्कोअर बरोबरीत आला. शेवटचा डाव, बॉल आमच्याकडे, रेघ आठदहा पावलांवर. आणि प्रसादच्या पोटरीत गोळा आला. त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. बदली खेळाडू नव्हताच. डीनबाई म्हणाल्या, "बरोबरीतच संपवू या, किती छान होईल!" आम्ही दहाजण धापा टाकत उभे राहिलो आणि सगळ्यांनी एकदम काकांकडे बघितलं.

काकांनी बाटल्या खाली ठेवल्या. रोज सकाळी विचारणारा हा माणूस, पण तेव्हा त्यांनी विचारलं नाही. वळूनसुद्धा बघितलं नाही. बुटांची टोकं रेघेला टेकवून मैदानाकडे बघत तसेच उभे राहिले. माझा जीव इतका तुटला ना! वाटलं, आता आपणच जाऊन काकूंच्या पाया पडावं.

काकू खुर्चीतून उठल्या. काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्याही मैदानाकडेच बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "चष्मा द्या इकडे."

काकांनी चष्मा काढून दिला.

"कुणी नुसता हात लावला तरी लगेच डाऊन म्हणायचं. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले, आणि रेघ ओलांडून आत आले.

आम्ही बॉल त्यांच्याकडे दिला, पट्टे धरून भोवती घेरा केला. शिट्टी झाली. घेरा पुढं घुसला, दोन पावलं, चार पावलं, मग समोरच्या भिंतीवर आदळून फुटला. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं काकांना कंबरेला धरलं. फार अलगद, काचेचं भांडं धरावं तसं. आणि सगळे थांबलो. समोरचेही, आम्हीही. काका "डाऊन" म्हणायची वाट बघत.

काका म्हणेनात. बॉल छातीशी घट्ट धरून नुसते उभे. पायाखालच्या गवताकडे बघतायत, आजूबाजूला बघतायत, चष्म्याशिवाय त्यांना काय दिसत होतं देव जाणे. प्रोफेसर जवळ आले, "सर? डाऊन?" काका म्हणाले, "थांबा जरा." मराठीत. आणि हसले. ते हसू मी जन्मात विसरणार नाही.

तेवढ्यात बाहेरून काकूंचा आवाज आला. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"अहो, उभे काय राहिलात? पळा!"

मी काकांच्या पाठीला खांदा लावला. माझ्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. नव्या गुडघ्याचा माजी विद्यार्थीसुद्धा आला. काका "कबड्डी कबड्डी" करत घुसले, तो मोठा माणूस त्यांना धरून उलटा चालायला लागला, आणि आम्ही सगळेच्या सगळे एका गठ्ठ्यात रेघेपलीकडे जाऊन पडलो. शिट्टी वाजली. ढोल सुरू झाला.

ढिगाऱ्यातून एकेक जण उठला. काका उठले नाहीत. उताणे पडले होते, बॉल छातीवर, डोळे मिटलेले. ढोल थांबला. काकू रेघ ओलांडून तरातरा आत आल्या, गवतावर गुडघे टेकले आणि त्यांचं मनगट धरून नाडी बघायला लागल्या.

काकांनी एक डोळा उघडला.

"डाऊन," ते म्हणाले.

"आता म्हणताय होय!" काकू म्हणाल्या, आणि मनगट न सोडता तिथंच गवतात त्यांच्या शेजारी बसकण मारून हसायला लागल्या.